पिकामागे एक पैसा

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून देते :

"मावशी, आम्ही इचलकरंजीचे. अण्णांचे बारा साधे माग आहेत, सगळे खर्चीवर, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, आमची फक्त विणायची मजुरी. आई कांडी मशीन बघते. मी बी.कॉम. आहे, एका कर सल्लागाराकडे नोकरी करते आणि घरचा हिशेबही मीच लिहिते. दीड वर्षात खर्चीचा दर खाली आला, मधेच बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) मिळत नाही म्हणून माग उभे राहतात. दादाचं म्हणणं, माग भंगारात द्यायचे, घर तारण ठेवून चार जुने रॅपियर (बिनधोट्याचे वेगवान माग) घ्यायचे. अण्णा म्हणतात, दिवस फिरतील, सरकार काहीतरी करेल, थांबा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. परवा रात्री अण्णा मागाच्या शेडमध्ये एकटेच बसले होते. म्हणाले, 'माझंच कुठंतरी चुकलं.' मावशी, खरंच त्यांचं चुकलंय का? आणि दादाचं ऐकावं की अण्णांचं?"

पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अण्णांच्या त्या वाक्यापाशी दर वेळी थांबले. कारण तेच वाक्य मी माझ्या बाबांच्या तोंडून ऐकलंय. बाबा लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे संप विरत गेला, पण आमची गिरणी काही धड सुरू झाली नाही. बाबा मात्र रोज सकाळी गेटपर्यंत जाऊन यायचे. गिरणीचा पास प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलेला असायचा, म्हणजे बोलावणं आलंच तर शोधाशोध नको. असं त्यांनी दोन वर्षं केलं. त्या दोन वर्षांत घरात कुणी त्यांना सांगितलं नाही की बाबा, यात तुमचा दोष नाही, पण गेटही उघडणार नाही. या दोन्ही गोष्टी एकदमच सांगायला हव्या होत्या. मी तेव्हा कॉलेजात होते, मला कळत नव्हतं. नंतर मुळजी जेठा मार्केटमधल्या एका कापडाच्या पेढीवर मी पंधरा वर्षं वह्या लिहिल्या, तेव्हा कुठं कळलं.

त्या वह्यांमध्ये मला एक गोष्ट दिसली, ती तुला आधी सांगते. संपाच्या काळात मुंबईतल्या गिरण्यांचं कापड थांबलं नाही. ते भिवंडीत, मालेगावात, तुमच्या इचलकरंजीत विणून येत होतं. माझ्या बाबांच्या हातातलं काम तुझ्या आजोबांच्या मागावर गेलं. याबद्दल मनात कधी राग आला नाही, कारण तुझ्या आजोबांनी ते हिसकावलं नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी, १९५६च्या सुमारास, सरकारनं ठरवलं होतं की गिरण्यांनी आपल्या मागांची संख्या वाढवायची नाही. गिरणीच्या कापडावर अबकारी कर जास्त आणि छोट्या यंत्रमागाला सवलत, असं वर्षानुवर्षं चाललं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला हे खरं, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी धंद्याला हात दिला हेही खरं. पण घराघरात चार-चार, आठ-आठ माग खडखडू लागले त्यात दिल्लीतल्या त्या निर्णयांचा वाटा मोठा होता. म्हणजे तुमच्या घरात माग आले ते जितकं आजोबांच्या कष्टानं, तितकंच धोरणानं. तेव्हा आता ते उभे राहत असतील तर एकट्या अण्णांना दोष लावू नका. हे त्यांना असंच सांग, मागे गिरणी होती तिथपासून सांग. त्यांना पटेल. मागवाल्याला बाजार कळतो, फक्त स्वतःच्या बाबतीत तो कठोर होतो.

आता हिशेब. तू लिहिलंस 'दर खाली आला', किती ते लिहिलं नाहीस. म्हणून मीच एक पैसा धरते. (वाचकांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : धोटा एकदा आडवा गेला की एक पिक. कापडाच्या एका इंचात जितकी पिकं, त्यावर मीटरची मजुरी ठरते.) तुमचं कापड ५२ पिकाचं असेल तर पिकामागे एक पैसा कमी म्हणजे मीटरमागे ५२ पैसे कमी. साधा माग मिनिटाला १३५ पिकांच्या आसपास चालतो. धागा तुटणं, कांडी बदलणं, लाइट जाणं धरून शंभरातली ८० मिनिटं चालला, तर तासाला तीन मीटरच्या वर थोडं, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत ७५ मीटर. बारा मागांचे ९०० मीटर. त्यावर ५२ पैसे म्हणजे दिवसाला ४६८ रुपये. महिन्याचे २५ दिवस धर, बारा हजारांच्या आसपास. एका पैशाचे बारा हजार! घरचा किराणा, आईचं औषधपाणी आणि लाइट बिलाचा एक तुकडा एवढ्यात गेला. व्यापारी फोनवर सहज म्हणून जातो, 'एक पैसा कमी धरा या बीमला', त्या एका वाक्याची ही किंमत.

तो पैसा कुठून कापला जातो ते बघ. २०२१च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर ड्युटी बसली, सगळं मिळून ११ टक्के. पुढच्याच वर्षी, २०२२च्या वसंतात, कापसाची ३५६ किलोची खंडी एक लाखाच्या वर गेली. सूत पेटलं. १४ एप्रिल २०२२ला सरकारनं ड्युटी तात्पुरती काढली, मुदत वाढवत ऑक्टोबरपर्यंत नेली, मग पुन्हा लावली. सूत महाग झालं की व्यापारी माल कमी काढतो, बीम कमी पडतात आणि जे बीम मिळतं त्यावर खर्ची घासली जाते. सूत अचानक उतरलं तरीही तुमचीच पंचाईत, कारण महाग सुताचं विणलेलं कापड गोदामात पडून असतं, ते खपेपर्यंत व्यापारी हात आखडता घेतो. दोन्हीकडून मार मधल्याला.

आणि २०२५चा ऑगस्ट आठव. ७ तारखेला अमेरिकेनं भारतीय मालावर २५ टक्के जादा कर लावला, २७ तारखेला तो ५० टक्क्यांवर गेला. मधे १९ तारखेला दिल्लीनं कापसावरची ती ११ टक्के ड्युटी पुन्हा काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. वीस दिवसांत तीन तारखा आणि प्रत्येक तारखेचा धक्का तुमच्या शेडपर्यंत येतो. तू म्हणशील, आमचं कापड कुठं अमेरिकेला जातं? थेट जात नाही. पण तुमचं ग्रे कापड पालीला, बालोत्र्याला, अहमदाबादला रंगायला जातं. निर्यातीच्या ऑर्डरी थांबल्या की निर्यातवाला तोच माल देशातल्या बाजारात ओततो आणि देशातला भाव पडतो. समुद्रापलीकडचा कर खर्चीच्या दरात असा उतरतो.

इथं एक सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. त्याच ऑगस्टात याच सदरासाठी यवतमाळच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं. ड्युटी काढल्यामुळं परदेशी कापूस येणार आणि आपला भाव पडणार, अशी त्याला धास्ती होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ८११० रुपये क्विंटल होता, तो तरी बाजारात मिळेल का, असं त्यानं विचारलं होतं. ज्या निर्णयाची इचलकरंजीत वाट पाहिली जात होती, त्याच निर्णयानं त्याची झोप उडाली होती. दोघंही आपल्याच राज्यातले, दोघंही खरं बोलणारे. म्हणून 'सरकार काहीतरी करेल' या वाक्याला मी फार घाबरते. सरकार करतं, नक्की करतं. पण ते एकाच वेळी शेतकऱ्याचं, सूतगिरणीचं, निर्यातवाल्याचं आणि गिऱ्हाइकाचं बघत असतं. खर्चीवाला त्या रांगेत सगळ्यात मागे उभा असतो, कारण कापूस त्याचा नाही, सूत त्याचं नाही, कापडही त्याचं नाही. त्याची फक्त मजुरी आहे.

बांगलादेशाचं दादा बोलत असेल, तुमच्याकडे सगळेच बोलतात. त्यात तथ्य आहे. २०११पासून तिथले तयार कपडे आपल्याकडे बिनकराचे येतात, त्यात चिनी कापड वापरलेलं असलं तरी. १७ मे २०२५ला आपल्या सरकारनं ते खुष्कीच्या मार्गानं आणायला बंदी केली. आता फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून. त्यानं खर्च वाढला, वेळ वाढला, पण कर लागला नाही. उलट बाजूला, २४ जुलै २०२५ला ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या. आपल्या कपड्यांवरचा तिथला कर काढायचं त्यात ठरलं, म्हणजे बांगलादेशाला तिथं जो फायदा होता तो आपल्यालाही. चांगली गोष्ट आहे. पण ब्रिटनच्या दुकानात जाणाऱ्या शर्टाचं कापड कोणत्या मागावर विणलं जाईल?

अण्णांना हे ऐकणं जड जाईल, तरी सांगायलाच हवं. ते कापड रुंद पन्ह्याचं लागतं आणि फॉल्ट जवळजवळ चालत नाही. तुमचा साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिकं टाकतो, एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतावर धागा नेणारा माग, सहाशे-सातशेच्या पुढं जातो. जुना रॅपियरसुद्धा साध्याच्या दुपटीच्या पुढं. कितीही चांगला करार झाला, कापूस कितीही स्वस्त झाला, तरी ही दरी भरून येत नाही. म्हणून माझं तुला सांगणं असं : वहीत दोन रकाने पाड. एकात ते नुकसान, जे आलं आणि जाईलही, म्हणजे सुताची तेजी-मंदी, अमेरिकेचा कर, बीम न मिळालेले आठवडे. दुसऱ्यात ते, जे परत येणार नाही : पन्हा कमी म्हणून परत गेलेलं काम, फॉल्टपोटी कापलेले पैसे, वेग नाही म्हणून दुसऱ्याला गेलेला प्रोग्रॅम (विणायची ऑर्डर). मागच्या दोन वर्षांच्या नोंदी घेऊन बस. बीमवार लिहिलं असशील तर दोन रविवारांत होईल. पहिला रकाना मोठा निघाला तर अण्णांच्या थांबण्यात अर्थ आहे. दुसरा मोठा निघाला तर दादाचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याची पद्धत बरोबर नाही.

पद्धतीबद्दल मी ठाम आहे. घर तारण ठेवायचं नाही. आत्ता तरी नाही. पेढीवर असताना घराच्या कागदांवर उभे केलेले माग मी पाहिलेत, आणि एक मंदी आली की हप्ता कुठून भरायचा म्हणून माग विकून व्याज भरणारी माणसंही पाहिलीत. खर्चीचा दर अशी गोष्ट आहे की तो आपल्या हातात नाही, बँकेचा हप्ता मात्र ठरलेला. उत्पन्न डोलणारं आणि देणं ठाम, यात घर गुंतवू नये. यंत्रांसाठीच्या केंद्राच्या जुन्या अनुदान योजनेची दारं ३१ मार्च २०२२ला बंद झाली, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात जुन्या यंत्रांना तिचा लाभ नव्हता. एजंट 'सबसिडी येईल' म्हणत असेल तर योजनेचं नाव आणि शासन निर्णयाची प्रत माग. कागद नसेल तर ती सबसिडी हिशेबात धरायची नाही.

जुन्या रॅपियरची एक कहाणी दादाला ठाऊक असेलच. ते बहुतेक युरोपातून आलेले असतात. तिथल्या गिरण्या बंद पडल्या, माग कंटेनरमध्ये भरून इकडे आले. तिथंही कुणीतरी त्या मागापाशी उभं राहून 'माझंच चुकलं' म्हटलं असेल. मला ते माग बघितले की नेहमी असंच वाटतं.

दादाला उत्साह आहे, तो मारू नका. त्यानं आधी सहा महिने दुसऱ्याच्या रॅपियर शेडमध्ये काम करावं. पगारावर. तिथं त्याला कळेल की मागाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर दुरुस्तीवाला किती दिवसांनी येतो, सुटे भाग कुठं मिळतात, हाताशी चांगला जॉबर (माग जुळवणारा कारागीर) किती पैसे मागतो. साध्या मागाचा खडखडाट ऐकून कुठला माग बिघडलाय हे अण्णांना शेजारच्या खोलीतून कळतं. रॅपियरवर ते ज्ञान निम्मं उपयोगी पडतं, निम्मं नव्यानं शिकावं लागतं. मग बारा विकून चार घेण्यापेक्षा, चार-पाच साधे काढून एक किंवा दोन रॅपियर. बाकीचे साधे माग हप्ता सांभाळायला राहतील. खरेदीच्या आधी व्यापाऱ्याला विचारा, वर्षभराचा प्रोग्रॅम लिहून देता का, कोणता पन्हा, कोणतं सूत, फॉल्टची कपात कशी. तो लिहून द्यायला तयार नसेल तर त्याच्या शब्दावर कर्ज काढायचं नाही, मग तो कितीही जुना संबंधातला असो. विजेचं बघ. २७ अश्वशक्तीच्या आतल्या यंत्रमागांना राज्याची सवलत वेगळी आहे आणि वरच्यांना वेगळी. रॅपियर, कॉम्प्रेसर मिळून जोडभार कुठं जातो हे आधी मोज, बिल आल्यावर नको.

एक गोष्ट तर तू याच आठवड्यात करू शकतेस. अण्णांचं उद्यम नोंदणीचं (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद) प्रमाणपत्र आहे का ते बघ, नसेल तर काढ. फुकट निघतं. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, हे छोट्या उद्योगांच्या २००६च्या कायद्यात आहे. दिरंगाई झाली तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. आणि २०२३-२४ या वर्षापासून आयकरातही नियम आला की असे थकवलेले पैसे व्यापाऱ्याला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. तू कर सल्लागाराकडे काम करतेस, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. काही व्यापारी त्यावरून नोंदणी असलेल्याला काम द्यायला कां-कूं करतात, तेही ऐकून आहे. म्हणून पहिल्याच दिवशी नोटीस पाठवू नकोस. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापायला सुरुवात कर. नुसती देय तारीख छापलेली असली तरी पैसे आठवडाभर आधी येतात, हे मी पेढीच्या दुसऱ्या बाजूला बसून पाहिलंय.

तू स्वतःबद्दल काही विचारलं नाहीस. दोन पुरुषांच्या मधे उभी राहून हिशेब लिहितेस आणि पत्रात स्वतःची ओळख एका ओळीत संपवतेस. तुमच्या गल्लीत किती खर्चीवाले आहेत ज्यांच्या घरी कुणी बीमवार वही लिहीत नाही? ज्यांची बिलं वेळेवर निघत नाहीत, ज्यांची उद्यम नोंदणी नाही, वीजसवलतीचा अर्ज अडलाय? त्यांना महिन्याला थोडे पैसे देऊन हे काम करून घ्यायला आवडेल. दहा घरं झाली तर तुझ्या पगाराला जोड मिळेल, आणि या दहा घरांकडे मिळून एकच दर मागायची बुद्धीही होईल. एकटा खर्चीवाला एका पैशासाठी भांडू शकत नाही. दहा जणांच्या वह्या एका टेबलावर असल्या तर बोलता येतं. कापडाच्या धंद्याला धरून राहायचं असेल तर माग चालवणं हा एकच रस्ता नाही, हे दादालाही दिसू दे.

अण्णांशी बोलताना आधी आजोबा आणि गिरणी, मग तो एक पैसा, मग दोन रकाने, या क्रमानं बोल. रकाने त्यांच्यासमोर भर. कुठलं बीम का परत आलं हे तुझ्यापेक्षा त्यांना जास्त आठवेल, आणि सांगताना दादा शेजारी बसलेला असला तर ते आपसूक त्याच्याशीच बोलू लागतील.

पहिल्या महिन्याची वही भरून झाली की मला पाठव. बीम नंबर, पिक, मीटर, दर आणि परत आलं असेल तर कारण. एवढं पुरे.

तुझी मावशी